आयनीकारी किरणं आणि जिवंत पेशी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी किरणोपचार विभागात भौतिकशास्त्राचं काम करते. यंत्रातून निघणारी मात्रा मोजायची, पेशंटच्या शरीरात कुठे किती पोचेल याचा हिशेब मांडायचा, हा रोजचा उद्योग. बाहेर बाकावर बसलेले पेशंट, त्यांच्याबरोबर आलेली माणसं, फोनवरचे नातेवाईक जे विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. शब्द वेगवेगळे असले तरी बहुतेकांच्या मनात एकच असतं: घाबरायचं का? आणि 'किती' हे विचारल्याशिवाय त्याचं खरं उत्तर देता येत नाही. म्हणून पुढे आकडे बरेच येतील. कृपया ते गाळून वाचू नका.

'आयनीकारी' म्हणजे काय? सगळंच रेडिएशन तसं नसतं का?

नसतं. रेडिएशन म्हणजे एका जागेहून निघून दुसरीकडे चाललेली ऊर्जा. दिव्याचा उजेड, शेकोटीची ऊब, रेडिओच्या लहरी, एक्स-रे, सगळी त्याचीच रूपं. ही ऊर्जा सुट्या सुट्या पुड्यांमधून येते आणि एकेका पुडीत किती ऊर्जा आहे यावर सगळं अवलंबून असतं.

अणूतला इलेक्ट्रॉन उपटून बाहेर काढायला ठरावीक ऊर्जा लागते. पाण्याच्या रेणूसाठी ती सुमारे १२.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणूंच्या पातळीवरची ऊर्जा मोजायचं चिमुकलं माप) आहे. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या एका पुडीत, म्हणजे एका फोटॉनमध्ये, साधारण १.६ ते ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असतात. छातीच्या तपासणीत वापरतात त्या एक्स-रेच्या एका फोटॉनमध्ये कित्येक हजार. दहा फुटी भिंत ओलांडायची असेल तर एकेक फुटाच्या शंभर उड्या मारून उपयोग नाही. एकच उडी दहा फुटांची हवी. ज्या किरणांची एकेक उडी ही भिंत ओलांडते ती आयनीकारी. इलेक्ट्रॉन गमावलेला अणू म्हणजे आयन, आणि आयन झालेला रेणू शांत बसत नाही. पुढची सगळी कथा तिथून सुरू होते.

मग मोबाइल, वायफाय, मायक्रोवेव्ह?

त्यांची एकेक पुडी इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या एक लाखांशाच्या आसपास असते. भिंत दहा फुटांची आणि उडी केसाच्या जाडीएवढीही नाही. त्या लहरी पुरेशा प्रमाणात शोषल्या गेल्या तर पदार्थ तापतो, पण इलेक्ट्रॉन उपटला जात नाही.

उन्हातली अतिनील किरणं कुठे बसतात?

सीमेवर. जमिनीपर्यंत पोचणारी अतिनील किरणं इलेक्ट्रॉन उपटत नाहीत, पण डीएनएच्या धाग्यावर शेजारी शेजारी बसलेल्या दोन थायमिनना (डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक) एकमेकांना चिकटवून टाकतात. पेशी तो चिकटा कापून काढते. कधी काढायचा राहून जातो आणि वर्षांनंतर त्यातून त्वचेचा कर्करोग उभा राहू शकतो. तेव्हा आयनीकारी नाही म्हणजे निरुपद्रवी, असं समीकरण मांडू नका.

अल्फा, बीटा, गॅमा यांत नेमका फरक काय?

शब्दांत सांगण्यापेक्षा ढगपेटीत दाखवायला मला आवडतं. काचेची पेटी, आत अल्कोहोलची वाफ, तळ कोरड्या बर्फाने गार केलेला, खोलीत अंधार आणि बाजूने एक झोत. दोन-चार मिनिटांत तळाशी पातळ धुकं साचतं. मग त्यात एकाएकी पांढरी रेघ उमटते, क्षणभर टिकते आणि विरून जाते. आपल्याला कण दिसत नाही. त्याने वाटेत तयार केलेल्या आयनांवर वाफेचे बारीक थेंब जमतात, म्हणून त्याचा माग दिसतो. आखूड, जाड, सरळ रेघ आली की तो अल्फा. केसासारखी बारीक, वाकडीतिकडी, भेलकांडत गेलेली रेघ म्हणजे बीटा. पहिल्यांदा पाहणारी माणसं बराच वेळ काही बोलत नाहीत. कारण बाजूला कुठलाही किरणोत्सारी पदार्थ ठेवलेला नसला तरी रेघा उमटतच राहतात.

अल्फा म्हणजे हेलियमचं केंद्रक: दोन प्रोटॉन, दोन न्यूट्रॉन. जड आणि दुप्पट धनभारित असल्यामुळे तो पावलोपावली इलेक्ट्रॉन उपटत जातो आणि लवकर दमतो. ५० लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टचा अल्फा हवेत जेमतेम साडेतीन सेंटिमीटर जातो, पण तेवढ्या वाटेत साधारण दीड लाख आयनांच्या जोड्या तयार करतो. ऊतीत त्याची मजल मिलिमीटरच्या पंचविसाव्या हिश्श्याएवढी, म्हणजे तीन-चार पेशी. कागदाचा तुकडा त्याला अडवतो, त्वचेचा वरचा मृत थरही अडवतो. म्हणून बाहेरून तो जवळपास काहीच करू शकत नाही. श्वासातून किंवा अन्नातून आत गेला तर मात्र त्याची सगळी ऊर्जा त्या तीन-चार जिवंत पेशींवरच रिती होते.

बीटा म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉन. ऊतीत काही मिलिमीटर ते सेंटिमीटरभर शिरतो. गॅमा आणि एक्स-रे हे फोटॉन. त्यांना भार नाही, वजन नाही. ते बरंच अंतर काही न करता जातात, मग एखाद्या अणूशी गाठ पडते आणि तिथून वेगवान इलेक्ट्रॉन सुटतो. पेशीतलं बहुतेक नुकसान हा सुटलेला इलेक्ट्रॉनच करतो. गॅमाला 'मजल' नसते, फक्त अर्धं होत जाणं असतं: सीझियम-१३७ च्या गॅमाला सुमारे ६ मिलिमीटर शिसं निम्म्यावर आणतं, पुढचे ६ मिलिमीटर पावावर. पूर्ण शून्य कधीच होत नाही.

न्यूट्रॉन हा चौथा. त्याला शिशापेक्षा पाणी, मेण, काँक्रीट असे हायड्रोजन असलेले पदार्थ चांगलं थोपवतात.

किरण पेशीत शिरल्यावर प्रत्यक्षात काय होतं?

इथे थोडं थांबून वाचा, कारण बाकीची सगळी उत्तरं याच्यावर उभी आहेत.

समजा एक वेगवान इलेक्ट्रॉन पेशीतून जातो आहे. पेशीचा बहुतेक भाग पाणी, म्हणून त्याची गाठ बहुतेक वेळा पाण्याच्याच रेणूशी पडते. सेकंदाच्या एक लाख-अब्जाव्या भागात पाण्याच्या रेणूतला इलेक्ट्रॉन उडतो. उरलेला आयन लगेच शेजारच्या पाण्याला एक प्रोटॉन देऊन टाकतो आणि मागे राहतो तो हायड्रॉक्सिल मुक्तमूलक: एक ऑक्सिजन, एक हायड्रोजन आणि जोडीदार हरवलेला एक इलेक्ट्रॉन. इतका अधाशी रेणू रसायनशास्त्रात फार थोडा सापडेल. जे जवळ येईल त्याच्यावर तो झडप घालतो. पेशीत त्याचं आयुष्य काही नॅनोसेकंदांचं आणि तेवढ्या वेळात तो फार तर काही नॅनोमीटर सरकतो. डीएनएची दुहेरी शिडी २ नॅनोमीटर रुंद असते. म्हणजे हा मूलक डीएनएच्या अगदी अंगणातच जन्मला तरच त्याच्यापर्यंत पोचतो.

पोचला तर तो शिडीची पायरी बिघडवतो किंवा बाजूचा दांडा तोडतो. किरणाने थेट डीएनएवरच आघात करणं हा दुसरा मार्ग. एक्स-रेच्या बाबतीत सुमारे दोन तृतीयांश नुकसान पाण्याच्या आडवाटेने होतं. अल्फाच्या बाबतीत थेट आघात जास्त.

एका पेशीला १ ग्रे मात्रा मिळाली (ग्रे म्हणजे काय ते पुढे येतंच) तर एक दांडा तुटण्याच्या सुमारे हजार घटना घडतात, पायऱ्या बिघडण्याच्याही हजारांवर, आणि दोन्ही दांडे एकाच ठिकाणी तुटण्याच्या ३५ ते ४०. पहिला आकडा भीतिदायक वाटतो, पण खरा घोर शेवटच्या आकड्याचा आहे. एक दांडा तुटला तर समोरचा शाबूत असतो, त्याच्याकडे पाहून पेशी जुळवणी करते. दोन्ही तुटले की समोर बघायला काही उरत नाही.

इथेच अल्फा आणि एक्स-रे यांतला फरक कळतो. अल्फाच्या वाटेवर आयन एवढे दाट पडतात की २ नॅनोमीटरच्या रुंदीत एकाच वेळी दोन्ही दांडे, शिवाय आसपासच्या चार-दोन पायऱ्या, एकत्र उद्ध्वस्त होतात. अशी गुंतागुंतीची जखम सांधणं पेशीला सर्वांत कठीण जातं.

पेशी गप्प बसून मार खाते का?

मुळीच नाही. किरणं नसली तरी श्वसनातून तयार होणाऱ्या मूलकांमुळे आणि नुसत्या उष्णतेमुळे प्रत्येक पेशीच्या डीएनएत रोज हजारोंनी बिघाड होत असतात. त्यामुळे दुरुस्तीचं खातं अहोरात्र सुरूच असतं. बिघडलेली पायरी कापून नवी बसवणारी प्रथिनं वेगळी, तुटलेली टोकं सरळ जोडून टाकणारी वेगळी, आणि दुसऱ्या प्रतीवरून अचूक नक्कल करून घेणारी वेगळी. टोकं सरळ जोडणारी पद्धत झटपट आहे, पण थोडी ओबडधोबड. जोडताना एखाद-दुसरं अक्षर गळतं. अचूक पद्धतीला शेजारी दुसरी प्रत लागते. ती डीएनएची नक्कल झाल्यावर, पेशी विभागण्याआधीच्या थोड्या काळातच हाताशी असते.

बिघाड मोठा असेल तर पी-५३ नावाचं प्रथिन विभाजन रोखून धरतं. आधी दुरुस्ती, मग पुढे. दुरुस्ती जमणारच नसेल तर पेशीला स्वतःचा शेवट करून घेण्याची आज्ञा मिळते. शरीराच्या दृष्टीने मेलेली पेशी ही छोटी किंमत आहे. धोका आहे तो चुकीची दुरुस्ती होऊन जिवंत राहिलेल्या पेशीचा.

कधी कधी दोन वेगळ्या गुणसूत्रांची तुटकी टोकं एकमेकांना जोडली जातात. रक्तातल्या लसिका पेशी (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या तर ही चूक डोळ्यांना दिसते. एरवी गुणसूत्राला एक कंबर असते. इथे दोन कमरांचं लांबोडकं गुणसूत्र आणि बाजूला पडलेला एक अनाथ तुकडा. अपघातात सापडलेल्या माणसाच्या अंगावर मापक नसला तर अशी गुणसूत्रं मोजूनच त्याला किती मात्रा मिळाली याचा अंदाज बांधतात. रक्त हीच नोंदवही.

दुरुस्तीचं टोक पाहायचं असेल तर डायनोकॉकस रेडिओड्युरन्स हा जिवाणू पाहावा. १९५६ मध्ये किरणांनी निर्जंतुक केलेल्या मांसाच्या डब्यात तो जिवंत सापडला. ५,००० ग्रेमध्ये त्याच्या डीएनएचे शेकडो तुकडे होतात आणि काही तासांत तो ते पुन्हा क्रमाने जुळवून उभा राहतो.

बेकरेल, ग्रे, सिव्हर्ट: एकाच गोष्टीला इतकी मापं कशाला?

कारण गोष्टी तीन आहेत. पदार्थात सेकंदाला किती अणू फुटतात ते बेकरेल: १ बेकरेल म्हणजे सेकंदाला एक. शरीराने किलोमागे किती ऊर्जा शोषली ते ग्रे: १ ग्रे म्हणजे किलोला १ जूल. त्या ऊर्जेने जिवंत ऊतीचं किती बिघडू शकतं याचा अंदाज म्हणजे सिव्हर्ट. एक्स-रे, गॅमा आणि बीटासाठी १ ग्रेला १ सिव्हर्ट धरतात, अल्फासाठी २०. सिव्हर्ट फार मोठं माप आहे, रोजच्या व्यवहारात त्याचा हजारावा भाग, मिलिसिव्हर्ट, वापरतात. बातमीत नुसते बेकरेल वाचून घाबरू नका आणि निर्धास्तही होऊ नका. कुठला पदार्थ, शरीरात गेला की बाहेर, किती वेळ, हे कळल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

आता एक हिशेब. संपूर्ण शरीराला एकदम ४ ग्रे मिळाले आणि वैद्यकीय मदत मिळाली नाही, तर साधारण निम्मी माणसं दोन महिन्यांत दगावतात. ७० किलोच्या माणसात ४ ग्रे म्हणजे एकूण २८० जूल. ६० अंशांचं चमचाभर पाणी प्यायलात तर त्याहून जास्त ऊर्जा शरीराला मिळते. ४ ग्रेने शरीराचं तापमान अंशाच्या हजाराव्या भागाएवढं वाढतं. तरी माणूस मरतो. पहिल्यांदा हा हिशेब केला तेव्हा मी तो तीनदा तपासला होता. गरम पाण्याची ऊर्जा सगळ्या रेणूंत समान वाटली जाते, कुणाच्याच वाट्याला काही विशेष येत नाही. किरणांची ऊर्जा मोजक्या जागी एकवटून पडते, आणि त्यांतल्या काही जागा डीएनएच्या असतात.

कोणत्या पेशी लवकर बळी पडतात?

भराभर विभागणाऱ्या आणि अजून पूर्ण घडायच्या असलेल्या. बेर्गोनिए आणि त्रिबोंदो या दोघा फ्रेंच संशोधकांनी हा नियम १९०६ मध्ये मांडला आणि तो आजही कामाला येतो. अस्थिमज्जा, आतड्याचं अस्तर, केसांची मुळं, शुक्रपेशी तयार करणाऱ्या पेशी आधी कोसळतात. स्नायू आणि चेतापेशी बराच मार सोसतात. लसिका पेशी मात्र नियमाला अपवाद आहेत: विभागत नसतानाही त्या चटकन मरतात. म्हणून अपघातानंतर पहिल्या दोन दिवसांत त्यांची संख्या किती झपाट्याने घसरते यावर डॉक्टरांचं लक्ष असतं.

एकदम खूप मोठी मात्रा मिळाली तर?

साधारण १ ग्रेच्या वर संपूर्ण शरीराला मिळाले की काही तासांत मळमळ, उलट्या सुरू होतात. मग त्या थांबतात. माणसाला बरं वाटायला लागतं आणि हाच काळ सर्वांत फसवा. आत अस्थिमज्जेतल्या मूलपेशी मेलेल्या असतात, पण रक्तात आधीच असलेल्या पेशी अजून काम चालवत असतात. दोन-तीन आठवड्यांनी तो साठा संपतो आणि जंतुसंसर्ग, रक्तस्राव सुरू होतात. ६ ते १० ग्रेच्या पलीकडे आतड्याचं अस्तर नव्याने तयार होत नाही. त्याच्याही बऱ्याच वर मेंदू आणि रक्ताभिसरण कोलमडतं, दिवसांच्या आत.

२६ एप्रिल १९८६ ला चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली तेव्हा १३४ कर्मचारी आणि बंबवाल्यांना हा आजार झाल्याचं निश्चित झालं. त्यांतले २८ जण पहिल्या काही महिन्यांत गेले.

आणि थोडी मात्रा मिळाली तर कर्करोग होतोच का?

'होतोच' असं नाही. शक्यता वाढते आणि ती मात्रेच्या प्रमाणात वाढते. वर सांगितलेला तीव्र आजार ठरावीक उंबरठा ओलांडल्यावरच होतो. कर्करोगाचं तसं नाही. ती सोडतीसारखी गोष्ट आहे, मात्रा वाढली की तिकिटं वाढतात.

याबद्दल जे ठाऊक आहे त्याचा मोठा भाग हिरोशिमा आणि नागासाकीत वाचलेल्या माणसांकडून आला आहे. १९५० पासून सुमारे १ लाख २० हजार लोकांच्या आरोग्याची नोंद ठेवली गेली. रक्ताचा कर्करोग दोन-तीन वर्षांतच वाढताना दिसला, बाकीचे बहुतेक कर्करोग दहा वर्षं किंवा त्याहून जास्त काळाने. त्या माणसांनी जे भोगलं आणि तरी तपासणीला येत राहिली, त्यावर जगभरची सुरक्षेची गणितं उभी आहेत. कुठलाही आकडा लिहिताना मला हे आठवतं.

ढोबळ हिशेब असा: १,००० मिलिसिव्हर्टमागे जीवघेण्या कर्करोगाची शक्यता सुमारे ५ टक्क्यांनी वाढते. जगात तसाही दर पाच माणसांमागे साधारण एकाला आयुष्यात कर्करोग होतो. १०० मिलिसिव्हर्टच्या खाली वाढ इतकी कमी की त्या मोठ्या आकड्यात ती वेगळी दिसत नाही. तिथे शून्यापर्यंत सरळ रेघ ओढावी की नाही यावर शास्त्रज्ञांत खरा मतभेद आहे. सुरक्षेचे नियम सरळ रेघ धरून चालतात, आणि मला ते योग्य वाटतं. पण त्याच रेघेने लाखो लोकांच्या नगण्य मात्रांची बेरीज करून 'एवढे मरणार' असा आकडा काढणं चुकीचं आहे.

आपल्याला रोज काही मिळत असतं का?

मिळतं, आणि माणूस जन्मला तेव्हापासून मिळत आलं आहे. जगाची सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट. त्यातलं निम्मं रेडॉन वायूचं. जमिनीतलं युरेनियम फुटत फुटत रेडियम होतं, त्यातून रेडॉन निघून बंद खोल्यांमध्ये साचतो आणि तो फुटून तयार झालेले पदार्थ फुप्फुसात अल्फा सोडतात. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या कारणांत धूम्रपानाखालोखाल रेडॉनचा नंबर लागतो. खिडक्या उघड्या ठेवणं हा त्यावरचा साधा उपाय. उरलेलं मातीतून, आकाशातून आणि अन्नातून. तुमच्या शरीरातच पोटॅशियम-४० चे चार हजारांच्या वर अणू दर सेकंदाला फुटत असतात. ते काढून टाकता येत नाहीत, टाकायची गरजही नाही.

एक्स-रे आणि सीटी स्कॅन किती धोक्याचे?

छातीचा एक एक्स-रे ०.१ मिलिसिव्हर्ट किंवा त्याहून कमी, म्हणजे निसर्गातून दोन आठवड्यांत मिळतं तेवढं किंवा त्याहूनही थोडं. पोटाचा सीटी स्कॅन १० मिलिसिव्हर्टच्या आसपास, म्हणजे शंभर एक्स-रे. दोन्हींना एकाच मापाने मोजू नका. वरच्या हिशेबाने १० मिलिसिव्हर्टचा वाढीव धोका दोन हजारांत एक येतो. पोटात काय फुटलंय हे शोधायला डॉक्टर सीटी सांगत असतील तर तो नाकारण्यात यापेक्षा कितीतरी मोठा धोका आहे. 'मनाला समाधान म्हणून एकदा काढून टाकू' या कारणासाठी मात्र काढू नये. मुलांच्या बाबतीत तर नाहीच: त्यांच्या पेशी जास्त विभागतात आणि पुढे आयुष्यही जास्त उरलेलं असतं. जुने स्कॅन जपून ठेवा आणि नव्या डॉक्टरांना दाखवा, एखादा नवा स्कॅन टळतो. एमआरआय आणि सोनोग्राफीत आयनीकारी किरणं नसतात.

रेडिएशनचे उपचार घेणाऱ्या माणसाजवळ बसलं तर चालतं का?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त लागतो. एक आजोबा उपचार सुरू झाल्यापासून घरी नातीला जवळ घेत नव्हते. तिने धावत येऊन मिठी मारली की हात मागे घ्यायचे. आम्हाला कळायला तीन आठवडे गेले, कारण त्यांनी विचारलंच नव्हतं; असंच असतं असं त्यांनी धरून ठेवलं होतं. तेव्हापासून मी पहिल्याच दिवशी न विचारता सांगते: यंत्रातून बाहेरून दिलेली किरणं यंत्र बंद झालं की संपली. दिवा मालवल्यावर भिंतीत उजेड साचून राहत नाही, तसंच. जवळ घ्या, एका ताटात जेवा.

दोन अपवाद आहेत. किरणोत्सारी औषध प्यायला किंवा टोचून दिलं असेल (थायरॉइडसाठी आयोडीन-१३१, काही स्कॅन), किंवा शरीरात बारीक किरणोत्सारी बिया ठेवल्या असतील, तर काही काळ अंतर राखायला सांगतात. ती सूचना तंतोतंत पाळा.

किरणं अंगावर पडणं आणि किरणोत्सारी पदार्थ अंगाला लागणं, यांतला फरक किती मोठा आहे ते ब्राझीलमधल्या गोइयानियात १९८७ मध्ये दिसलं. बंद पडलेल्या दवाखान्यातलं यंत्र भंगारात गेलं, आतली सीझियम-१३७ ची डबी फुटली, आणि अंधारात निळी चमकणारी पूड लोकांनी कौतुकाने घरी नेली, अंगाला लावली. चार माणसं गेली, त्यांत सहा वर्षांची एक मुलगी होती. २४९ जणांच्या अंगावर किंवा शरीरात पदार्थ सापडला.

कर्करोग करणारी किरणं कर्करोग बरा कसा करतात?

दुरुस्तीतल्या फरकाचा फायदा घेऊन. बऱ्याच गाठींना एकूण ६० ग्रेच्या आसपास मात्रा लागते, पण ती रोज २ ग्रे, आठवड्याला पाच दिवस, अशी सहा आठवडे दिली जाते. दोन उपचारांमधल्या वेळात निरोगी पेशी बरीच दुरुस्ती उरकतात. कर्करोगाच्या पेशींची ती यंत्रणा बहुधा बिघडलेली असते, त्या मागे पडतात. शिवाय गाठीच्या आत रक्तपुरवठा तुटपुंजा असतो, आणि ऑक्सिजन नसलेल्या पेशी मारायला अडीच ते तीनपट मात्रा लागते, कारण मूलकाने केलेली जखम पक्की करतो तो ऑक्सिजनच. बाहेरचा थर मरून गाठ आकसली की आतल्या पेशींना ऑक्सिजन मिळू लागतो आणि त्याही टप्प्यात येतात. मध्येच दिवस चुकवू नका असं आम्ही वारंवार सांगतो ते यासाठी: खंड पडला की गाठीच्या पेशींनाही वाढायला सवड मिळते.

नुकसान पुढच्या पिढीत जातं का?

फळमाशीत जातं. हर्मन मुलर यांनी १९२७ मध्ये एक्स-रेने माशीत उत्परिवर्तनं घडतात हे दाखवलं आणि १९४६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. माणसात मात्र हिरोशिमा-नागासाकीत १९४८ ते १९५४ दरम्यान जन्मलेल्या सुमारे ७७,००० बाळांची तपासणी झाली, आणि आईवडिलांच्या मात्रेशी जोडता येईल अशी जन्मजात व्यंगांतली वाढ आढळली नाही. त्या दोन शहरांतल्या मुलांची लग्नं या भीतीपोटी अडली होती. म्हणून हे उत्तर मी ठळकपणे सांगते.

पोटातल्या बाळाचं वेगळं आहे. तिथे किरणं थेट बाळावर पडतात. आठव्या ते पंधराव्या आठवड्यात, मेंदू घडत असताना, मोठी मात्रा मिळालेल्या मुलांमध्ये बौद्धिक अपंगत्व दिसलं.

गरोदर आहे हे माहीत नसताना एक्स-रे काढला. आता काय?

बाळात व्यंग येण्यासाठी साधारण १०० मिलिग्रेच्या वर मात्रा पोचावी लागते. छातीचा किंवा दाताचा एक्स-रे काढला तर गर्भापर्यंत त्याचा नगण्य अंश जातो. पोटाचा किंवा कमरेचा सीटीसुद्धा एकदाच काढला असेल तर सहसा या आकड्याच्या बराच खाली राहतो. केवळ या कारणासाठी गर्भपाताचा निर्णय घेऊ नका. जिथे तपासणी झाली तिथून मात्रेचा आकडा मागून घ्या आणि डॉक्टरांना दाखवा.

आम्ही स्वतःचा बचाव कसा करायचा?

वेळ कमी, अंतर जास्त, मध्ये आडोसा. छोट्या स्रोतापासून अंतर दुप्पट केलं की मात्रा पावपट होते, म्हणून अंतर हा सर्वांत स्वस्त उपाय. किरणोत्सारी धूळ अंगावर पडल्याची शंका असेल तर बाहेरचे कपडे उतरवून पिशवीत बांधा आणि साबणाने अंघोळ करा. बहुतेक धूळ तेवढ्यानेच जाते. किरणोत्सारी चिन्ह असलेली धातूची वस्तू भंगारात दिसली तर हात लावू नका, लांब व्हा, कळवा.

आयोडीनच्या गोळ्या घरी ठेवाव्यात का?

त्या फक्त थायरॉइडला वाचवतात आणि फक्त किरणोत्सारी आयोडीनपासून. गोळीतल्या साध्या आयोडीनने ग्रंथी आधीच भरली की बाहेरून येणाऱ्याला जागा उरत नाही. चेर्नोबिलनंतर मुलांमध्ये थायरॉइडचे हजारो कर्करोग आढळले, मुख्यतः दूषित दुधामुळे. तिथे वेळेवर गोळ्या मिळाल्या असत्या आणि ते दूध थांबवलं असतं तर त्यांतले बरेच टळले असते. पण गोळी आयोडीन येण्याच्या थोडं आधी किंवा पहिल्या काही तासांतच उपयोगी पडते, म्हणून अधिकाऱ्यांनी सांगितल्यावरच घ्यायची. सीझियमवर तिचा काही परिणाम नाही, बाहेरून येणाऱ्या गॅमावरही नाही. आयोडीनयुक्त मीठ जास्त खाल्ल्याने हे काम होत नाही, रक्तदाब तेवढा वाढतो.